मूळची नळी

‘अस्सल’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. अस्सल तूप, अस्सल पैठणी, अस्सल घराणे. अरबी भाषेत ‘अस्ल’ म्हणजे मूळ. आणि आपला ‘मूळ’ हा शब्द तर झाडाच्या मुळाचाच. दोन्ही भाषांनी अस्सलपणा जमिनीखाली पुरून ठेवला आहे, ही मला मोठी अर्थपूर्ण गोष्ट वाटते. जे उकरल्याशिवाय दिसत नाही आणि जे उकरले तर झाड मरण्याची भीती असते, त्यालाच आपण वस्तूचे खरेपण म्हणतो. माझ्यावर एकदा असे उकरण्याची वेळ आली. कारण झाले एका जुन्या शिकारी रायफलीचे.

ही रायफल आमच्या साखऱ्यातल्या एका जुन्या घरची. घराचा धनी माझा बालमित्र. त्याच्या आजोबांनी निजामी अमदानीत रीतसर परवाना काढून ती घेतली होती. बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कंपनीची, पॉइंट 315 बोअरची. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात हा बोअर बराच दिसे, त्याचे कारण राजकीय होते. फौजेची काडतुसे पॉइंट 303 ची. ती फौजेतून चोरीला गेली तर लोकांच्या बंदुकीत चालू नयेत, म्हणून खाजगी माणसाला फौजेच्या बोअरची बंदूक ठेवू देत नसत. मग कंपन्यांनी त्याच घडणीची, पण निराळ्या काडतुसाची रायफल काढली. शिकाऱ्याच्या हाती बंदूक द्यायची, पण सरकारवर रोखता येईल अशी द्यायची नाही, असा तो बेत.

या रायफलीची एक कथा आमच्या गावात सर्वांना पाठ आहे. निजामी राजवट 17 सप्टेंबर 1948 ला संपली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात शिवारात वासरे उचलणारा एक वाघ माजला होता (बिबट्यालाही आमच्याकडे वाघच म्हणतात), आणि तो आजोबांनी एका गोळीत लोळवला. पुढे म्हातारपणी आलेल्यागेलेल्याला ते रायफल दाखवीत. नळीवर बोट ठेवून म्हणत, “ह्याच नळीतून.” हे दृश्य मी लहानपणी ऐकले आणि मोठेपणी माझ्या एका कादंबरीत जसेच्या तसे घातले. ‘ह्याच नळीतून’ हे शब्दही घातले. कादंबरी फार खपली नाही. पण ती वाचून नांदेडचे एक गृहस्थ गेल्या वर्षी श्रावणात साखऱ्याला आले. त्यांना जुन्या रायफलींचा नाद होता, परवाना होता आणि पैसाही होता.

माझ्या मित्राला पैशाची गरज होती. त्याची मुलगी नर्सिंगला लागायची होती. शिकार तर 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंद केलेली. निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची आणि निवडणूक गेली की परत आणायची, एवढेच त्या रायफलीचे काम उरले होते. सौदा ठरत आला. त्या गृहस्थांची एकच अट होती: नळी कंपनीतून आली तीच आहे, मागाहून बदललेली नाही, असे कोणीतरी जाणत्या माणसाने पाहून लिहून द्यावे. ते माझ्याकडे वळून म्हणाले, “गुरुजी, तुम्हीच द्या. तुमच्या पुस्तकामुळे तर मी आलो.”

मॅट्रिकच्या पुढे विद्यापीठाची पायरी मी चढलेलो नाही. बंदुकीच्या विद्येत तर मी बिगरीतला. पण आपले पुस्तक वाचून कोणी नांदेडहून येतो, या गोष्टीने मी फुललो होतो. मी होकार दिला. मग थोडे वाचले, बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या कारागिराला गाठले, त्याच्याकडून काय पाहायचे ते समजून घेतले, आणि एका रविवारी मित्राच्या ओसरीवर रायफल समोर घेऊन बसलो.

नळी मूळची की बदललेली, हे ओळखण्याच्या खुणा फार गूढ नाहीत. नळी बंदुकीच्या अंगात आट्यांनी बसवलेली असते. कारखान्यात बसवताना अंग आणि नळी यांच्या सांध्यावर आडवी एक बारीक रेघ मारतात. ती दोन्हीकडे समोरासमोर जुळली पाहिजे. अंगावर, बोल्टवर आणि नळीच्या बुडख्यावर नंबर असतो. तो एकच असला पाहिजे. अक्षरांचे वळण सारखे हवे. लोखंडावरचा निळसर काळा मुलामा दोन्हीकडे सारखाच विटलेला हवा. नळी उतरवताना ती शिकंज्यात धरावी लागते; तेव्हा शिकंज्याचे वण उठले आहेत काय ते पाहावे. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे तपासणीचे शिक्के. इंग्लंडात बंदूक विकण्यापूर्वी तिच्यातून जादा दारूचा बार काढून नळी टिकते की फुटते हे पाहण्याचा कायदाच आहे. त्यासाठी बर्मिंगहॅमला 1813 साली एक तपासणीगृह निघाले, ते आजही चालू आहे. बार झेललेल्या नळीवर तिथे मुकुटाचा शिक्का बसतो.

मित्राने पुढचे लाकूड सोडवले. मी भिंग लावले. अंगावरचा नंबर आणि बोल्टवरचा नंबर एकच निघाला. नळीच्या बुडख्यावरचा नंबर निराळा होता. सांध्याची रेघ अंगावर होती, नळीवर नव्हती. अंगाचा मुलामा विटून तपकिरी पडला होता, नळीचा अजून काळा होता. तरीही मी मनाची समजूत घालीत होतो. मुलामा मागाहून चढवता येतो. रेघ घासून जाते. नंबर मारताना कारकुनाची चूक होऊ शकते. एकेकटा पुरावा नेहमीच दुबळा असतो, आणि आपल्याला नको असलेला पुरावा तर फारच दुबळा वाटतो.

मग भिंग थोडे सरकले आणि बुडख्याच्या बाजूला एक लहानसा शिक्का दिसला. तो मुकुट नव्हता. ते सिंह होते. अशोकस्तंभाचे.

लहान मुलालाही कळेल असा तो पुरावा होता. अशोकस्तंभाचे सिंह हे भारताचे राजचिन्ह झाले ते 26 जानेवारी 1950 ला. ज्या नळीवर हे सिंह आहेत ती बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्यातून, आणि तीही गणराज्य झाल्यावरच, बाहेर पडलेली असणार. 1948 च्या उन्हाळ्यात ती नळी जगात नव्हती. वाघ तिच्यातून मेलेला नव्हता. आजोबांचे बोट, माझी कादंबरी आणि नांदेडच्या गृहस्थांची बयाण्याची नोट, ही सगळी एका चुकीच्या लोखंडावर टेकली होती.

मी मित्राला सिंह दाखवले. त्याने ते पाहिले, डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “गुरुजी, आजा खरा, वाघ खरा, बंदूक खरी. नळीचं काय घेऊन बसलात?”

हा प्रश्न त्याने पैशासाठी विचारला, असे म्हणून मला तो झटकता आला असता. पण तो खरा प्रश्न आहे आणि फार जुना आहे. मिलिंद राजाने नागसेन भिक्षूला विचारलेल्या प्रश्नांच्या पाली ग्रंथात तो रथाच्या रूपाने येतो. चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? जू म्हणजे रथ काय? एकही नाही, तरी राजा रथातूनच आला होता. तिकडे ग्रीसमध्ये अथेन्सच्या लोकांनी थिसिअस राजाचे गलबत जपून ठेवले. कुजली फळी की काढायची आणि नवी बसवायची. अखेर विद्वानांत वाद लागला की हे तेच गलबत की दुसरे. आमच्या शेतकऱ्याला यासाठी ग्रीसला जायला नको. त्याची बैलगाडी पाहा. आरे बदलतात, धाव बदलते, जू मोडते, साटी नवी येते, बैल तर किती येऊन जातात. तरी ती ‘बापाची गाडी’च असते, आणि तसे म्हणण्यात तो खोटे बोलत नाही.

आमच्याच जिल्ह्यातले औंढा नागनाथचे देऊळ घ्या. खालचा भाग काळ्या दगडाचा, जुन्या कोरीव कामाने भरलेला. वरचा भाग मागाहून विटाचुन्याने उभारलेला, निराळ्या काळाचा आणि निराळ्या हातांचा. हे नजरेला उघड दिसते, कोणी लपवलेले नाही. शिवरात्रीला तिथे जाणाऱ्या माणसाच्या मनात कधी येत नाही की आपण अर्ध्याच देवळाला नमस्कार केला.

आणि आमचे गाव तरी काय? ते निजामाच्या राज्यात होते. 1948 नंतर हैद्राबाद संस्थानासह भारतात आले. 1 नोव्हेंबर 1956 ला मुंबई राज्यात गेले. 1 मे 1960 ला महाराष्ट्रात आले. आणि 1 मे 1999 ला परभणीतून निघून हिंगोली जिल्ह्यात बसले. कागदावरचे शिक्के किती वेळा बदलले! मुकुट गेला, सिंह आले. साखरा मात्र साखराच राहिले. मग एका नळीवरच सिंह दिसले म्हणून मी का दचकावे?

त्या रात्री मी याच विचारांच्या जोरावर जवळजवळ सही करून टाकली होती. ‘रायफल मूळची आहे’ असे लिहायचे, नळीचा शब्द गाळायचा. रायफल मूळची आहेच, कायदाही तेच मानतो, असे स्वतःला सांगितले. मुलीची फी भरली जाईल, गृहस्थ खूष होतील, माझे पुस्तक खोटे पडणार नाही. तिघांचे भले आणि नुकसान कोणाचेच नाही. मात्र ज्या हिशेबात आपणही एक लाभार्थी असतो, तो हिशेब आपल्याला नेहमीच चोख वाटतो. हे ध्यानात आले आणि पेन खाली ठेवले.

मला जाणवले ते असे. ‘मूळचे’ या एका शब्दात आपण तीन निरनिराळे प्रश्न कोंबलेले असतात. जन्माचा प्रश्न पहिला: हा तुकडा पहिल्या दिवसापासून इथे आहे काय? सातत्याचा दुसरा: ही तीच वस्तू आहे काय? आणि तिसरा खरेपणाचा: ही जे सांगते ते खरे आहे काय? बैलगाडी, देऊळ आणि गाव हे दुसऱ्या प्रश्नाला ‘होय’ म्हणतात. त्या ‘होय’च्या आड मी पहिल्या प्रश्नाचे ‘नाही’ लपवू पाहात होतो. नांदेडच्या गृहस्थांनी ‘ही तीच रायफल काय’ असे विचारलेच नव्हते. ‘ही नळी तीच काय’ असे विचारले होते. त्यांना मूळची नळी का हवी, हा त्यांचा प्रश्न. कोणाला आईच्या हातची गोधडी हवी असते, तशीच ऊब देणारी दुसरी चालत नाही; त्याला आपण मूर्ख म्हणत नाही. एका प्रश्नाला दुसऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर देणे, हा खोटे बोलण्याचा सर्वांत सभ्य प्रकार आहे. तो शिकलेल्या माणसांना विशेष जमतो.

आणखी एक गोष्ट कारागिराने सांगितली होती, तिचा अर्थ मला त्या रात्री कळला. तो म्हणाला होता, “नळी बदललेली आहे हे छातीठोकपणे सांगता येतं. बदललेली नाही हे कुणीच सांगू शकत नाही. नंबर जुळला तरी तो नंबर मागून कुणी मारला असेल!” म्हणजे मूळपणाचा दाखला हा देणाऱ्याच्या ज्ञानापेक्षा नेहमीच मोठा असतो. उरलेली जागा देणाऱ्याच्या अब्रूने भरायची असते. त्या कागदावर गृहस्थांना माझे ज्ञान नको होते, ते माझ्यापाशी नव्हतेच. त्यांना माझी अब्रू हवी होती.

याचे एक मोठे उदाहरण आपण सर्वांनी अलीकडेच पाहिले. 2024 च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात आली. साताऱ्याला रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफच्या घराण्याकडून ती तिकडे गेलेली. पेटीवरचा मजकूर ती शिवाजी महाराजांची असल्याचे सांगतो. पण 10 नोव्हेंबर 1659 ला प्रतापगडाखाली वापरली ती हीच, असे खात्रीने म्हणता येत नाही, हे त्या संग्रहालयाने स्वतःच सांगितले. इतिहासकारांत वादही झाला. मला त्या वादात पडायचे नाही. मला एवढेच वाटते की पेटी म्हणते तेवढे पेटीचे म्हणून सांगावे आणि आपल्याला माहीत आहे तेवढेच आपले म्हणून सांगावे. यात महाराजांचे काहीही कमी होत नाही. ज्याचा पराक्रम खरा आहे त्याला आपल्या खोट्या साक्षीची गरज नसते. गरज आपल्याला असते.

दुसऱ्या दिवशी मी मित्राला हे सांगितले. तो शांतपणे म्हणाला, “तुमच्या पुस्तकात तर तुम्ही न झालेलंही लिहिता. तिथं चालतं, आन् माझ्या पोरीच्या फीसाठी नाही चालत?”

या वाक्याने मी जेवढा घायाळ झालो तेवढा कुठल्याही समीक्षकाच्या लेखाने झालो नाही. त्याला मी जे उत्तर दिले ते बरोबर होते असे मला अजूनही वाटते. कादंबरी उघडणाऱ्याला ठाऊक असते की ही कादंबरी आहे. त्याच्यात आणि माझ्यात तसा करार असतो. दाखला वाचणाऱ्याशी करार उलटा असतो. खोटेपण शब्दांत नसते, मोडलेल्या करारात असते. हे सगळे मी त्याला नीट समजावून सांगितले. त्याने ऐकून घेतले. उत्तर बरोबर होते, पण फी त्यातून भरली जाणार नव्हती.

आम्ही बोलत होतो तेव्हा आतल्या चौकटीशी त्याची आत्या बसली होती. आजोबांची ही धाकटी लेक. वय पंच्याऐंशीच्या आसपास, कान अजून शाबूत. इतके दिवस रायफलीची चर्चा त्या घरात चालली होती, पण तिला कोणी काही विचारले नव्हते. बंदुकीतले बाईला काय कळणार! ती एकदम म्हणाली, “नळी? ती तर बाबांनी बदलली. पहिली गंजून गेली होती. पावसाळ्यात डुकरं मारायला रोज रात्री जायचे. पाण्यापावसाची बंदूक, पुसणार कोण? मंग हैद्राबादेहून नवी आणली. आमची म्हैस विकली तिच्यापायी. मी लगीन व्हायची होते तव्हा. दोन वर्सं आम्हा पोरांना घरचं दूध नव्हतं.”

ओसरीवर कोणी बोलेना. मला कारागिराचे शब्द आठवले: जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्याने नळीत मीठ राही, गरम पाण्याने धुतली नाही तर एका पावसाळ्यात आतले पीळ गंजून खलास होत. म्हणजे ती नळी फसवणुकीची खूण नव्हती, राबणुकीची होती. एका वाघाची मूळची नळी गेली ती गावाचा जोंधळा राखताना गेली. आजोबा ‘ह्याच नळीतून’ म्हणत ते थापा मारीत होते, की म्हातारपणी विसरले होते, की रायफल आणि नळी यांत त्यांना भेदच वाटत नव्हता, हे आता कोण सांगणार? मला शेवटचेच खरे वाटते. पण तसे मला वाटावेसेही वाटते, म्हणून त्यावर मी भर देत नाही.

मी कागद लिहिला. अंग आणि बोल्ट मूळचे, बी.एस.ए. कंपनीचे, नळी मूळची नाही, ईशापूरची, 1950 नंतरची, धन्याने स्वतः बदललेली. खाली सही केली. गृहस्थांनी तो वाचला, माझे आभार मानले आणि सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याहून कमी किंमत बोलले. मित्राने रायफल दिली नाही. फीसाठी त्याने व्याजाने पैसे काढले. हळद विकून तो ते फेडतो आहे. मुलगी शिकते आहे. तो मला रस्त्यात नमस्कार करतो, पण माझ्या ओट्यावर येऊन बसत नाही. बसेल असे मला वाटत होते. अजून बसलेला नाही.

मी योग्य केले काय? केले, असे माझी बुद्धी सांगते. परंतु या व्यवहारात एक गोष्ट मला टोचत राहिली आहे. सत्य मी सांगितले आणि त्याची किंमत त्याने भरली. नीतीवर लिहिणारे आम्ही लोक सत्याची थोरवी सांगतो तेव्हा बिल बहुधा दुसऱ्याच्या नावावर फाडलेले असते. माझ्या वाट्याचे बिल मी भरले नव्हते. माझ्या कादंबरीत ‘ह्याच नळीतून’ हे शब्द अजून तसेच आहेत. कादंबरी ती कादंबरी, हा माझा करार मला तिथे वाचवतो, हे खरे. पण त्या पुस्तकाच्या आरंभी मी मोठ्या ऐटीने छापले आहे की यातली वाघाची हकीकत आमच्या गावात घडलेली, खरी आहे. तिथे मी कादंबरीकार नव्हतो, दाखला देणारा होतो; आणि दाखला न तपासता दिला होता.

म्हणून हा लेख. त्या पानावरचे शब्द आता परत घेता येत नाहीत. निदान ते खोडल्याची नोंद इथे करतो. नळी ती नव्हती.

हे लिहून झाल्यावर मी आत्याला भेटायला गेलो. रायफलीबद्दल दिवाळी अंकात लिहितो आहे, असे सांगितले. तिने वाघाबद्दल विचारले नाही, नळीबद्दल विचारले नाही. थोडा वेळ थांबून म्हणाली, “म्हशीचं लिव्हलं का?”

लिहिले आहे.